थॉमस बाईंचा दिवस

अमेरिकी चित्रकलेच्या पुस्तकांत अल्मा थॉमस यांची ओळख बहुधा एका वाक्यात उरकलेली असते. शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं, निवृत्त झाल्या, मग म्हातारपणी प्रसिद्ध झाल्या. वाचणाऱ्याला वाटतं, बाईंचा वेळ जात नसावा, म्हणून त्यांनी ब्रश हातात घेतला आणि नशिबाने साथ दिली. हे वाक्य मला खटकत आलं आहे. त्यात तपशील सगळे बरोबर आहेत आणि तरी हिशेब चुकतो, कारण माणसाचं काम वर्षांनी मोजलं की दिसत नाही. ते तासांनी मोजावं लागतं.

म्हणून बाईंचा दिवस मांडून पाहिला. एक नाही, दोन. पहिला ऑक्टोबर १९५७ मधला, शाळेचा. बाईंचं वय ६६. दुसरा मार्च १९७२ मधला. वय ८०, निवृत्तीला बारा वर्षं झालेली आणि न्यूयॉर्कमधलं प्रदर्शन महिन्यावर आलेलं. गाव तेच वॉशिंग्टन, घर तेच. घड्याळाचे काटे मी लावले आहेत. त्यांच्याभोवती जे आहे ते बाईंच्या आयुष्यातलं आहे.

‘बाई’ का, तेही सांगतो. शाळेत त्या ‘मिस थॉमस’ होत्या. मराठी शाळेत शिकलेल्या कानाला त्याचा एकच अर्थ ऐकू येतो: चित्रकलेच्या थॉमस बाई.

सकाळी ६

१५व्या रस्त्यावरचं १५३० क्रमांकाचं घर. विटांचं, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून उभं असलेलं. थॉमस कुटुंब इथं १९०७ मध्ये आलं तेव्हा अल्मा पंधरा-सोळा वर्षांची होती. त्याआधीचं घर दक्षिणेत, जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस गावी, टेकडीवर होतं. मोठं, हवेशीर, भोवती फुलझाडं. आई कपडे शिवायची, त्यामुळे घरात रंगीत कापडांचे तुकडे सदा पसरलेले. ओढ्याकाठच्या चिकणमातीचे छोटे पेले आणि बश्या करणं हा मुलीचा लहानपणचा उद्योग.

सुखवस्तू घर सोडायला कारणही तसंच घडलं होतं. १९०६ मध्ये अटलांटात गोऱ्या जमावाने काळ्या वस्त्यांवर हल्ले केले. शिवाय चार मुलींना शिकवायचं तर कोलंबसमध्ये काळ्या मुलांसाठी पुढच्या शाळाच नव्हत्या, आणि तिथल्या ग्रंथालयाचं दारही त्यांना बंद होतं. बाई एक आठवण सांगायच्या. गाडी पोटोमॅक नदीपाशी आली तेव्हा आईने मुलींना बूट काढून त्यांतली जॉर्जियाची माती झटकायला लावली.

तरुणपणीची बाहेरगावची काही वर्षं सोडली तर वॉशिंग्टनमध्ये आल्यापासून मरेपर्यंत बाईंचा पत्ता बदलला नाही. लग्न त्यांनी केलं नाही. धाकट्या बहिणीचं नाव वडिलांवरून जॉन मॉरिस. ती हॉवर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करायची. दोघी बहिणी याच घरात राहिल्या. दोन्ही दिवसांच्या सकाळी खिडकीबाहेर एक हॉली उभा आहे. चकचकीत, काटेरी कडांच्या पानांचं सदाहरित झाड. १९५७ मध्ये बाईंना शाळेत पोचायचं आहे, झाडाकडे बघायला फुरसत नाही.

सकाळी ८

शॉ ज्युनियर हायस्कूल पूर्वेला, सातव्या रस्त्यावर. चालत पंधरा-वीस मिनिटं. यादवी युद्धात काळ्या सैनिकांच्या पलटणीचं नेतृत्व करताना मारला गेलेला कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ याचं नाव शाळेला दिलेलं. पुढे शाळेवरून आख्ख्या वस्तीलाच लोक ‘शॉ’ म्हणू लागले. बाई १९२४ पासून वर्गावर आहेत आणि त्यांची आख्खी नोकरी याच एका शाळेत होणार आहे.

या पंधरा मिनिटांच्या वाटेवर राजधानीचं खरं रूप दिसायचं. शाळा काळ्यांच्या वेगळ्या आणि गोऱ्यांच्या वेगळ्या होत्या. मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टनपुरता ‘बोलिंग विरुद्ध शार्प’ खटल्यात ही विभागणी घटनाबाह्य ठरवली. शहरातल्या खाणावळींनी काळ्या गिऱ्हाइकांना वाढलं पाहिजे हा निकाल त्याच्या आदल्या वर्षीचा. म्हणजे बाई पहिली एकोणतीस वर्षं ज्या शहरात शिकवत होत्या, तिथल्या बऱ्याच हॉटेलांत त्यांना बसून कॉफी मिळाली नसती. निकालाने कायदा बदलला, शाळेच्या आसपासची वस्ती तीच राहिली, आणि १९५७ मध्येही बाईंच्या वर्गात बहुतेक काळीच मुलं आहेत.

मार्च १९७२ मध्ये आठ वाजता कुठं जायचं नाही. पण उठून, आवरून, वेळेवर कामाला बसायचं हे अंगात मुरलेलं. पस्तीस वर्षं घंटेवर चाललेलं शरीर सहजासहजी सैल पडत नाही.

सकाळी ९:३०

तास. मुलं बारा ते पंधरा वयाची. ज्या वयात हातातली पेन्सिल कागदापेक्षा बाकावर जास्त चालते, त्या वयाची.

चित्रकलेचा तास म्हणजे शाळेच्या वेळापत्रकातली उरलीसुरली जागा, हा समज आपल्याकडचाच नाही. बाईंनी तो मोडायला वर्गाची चौकट बाहेर ताणली. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत न्यूयॉर्कला जाऊन त्यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून १९३४ मध्ये एम.ए. केलं. प्रबंधाचा विषय होता कळसूत्री बाहुल्या. पुढच्या वर्षी टोनी सार्ग या त्या काळच्या नामांकित बाहुलीकाराकडे जाऊन धडे घेतले. बाहुलीत सगळंच येतं: मातीकाम, रंगकाम, शिवण, नाटक आणि दोऱ्यांचं गणित. ज्या मुलांना शहरातली नाट्यगृहं आत घेत नव्हती, त्यांच्यासमोर बाईंनी नाटकच आणून उभं केलं.

१९३६ मध्ये त्यांनी मुलांसाठी कला मंडळ काढलं. व्याख्यानं, संग्रहालयांच्या सहली, प्रदर्शनं. १९३८ मध्ये शाळेतच एक कलादालन उभं केलं आणि हॉवर्ड विद्यापीठातून काळ्या चित्रकारांची मूळ चित्रं आणून तिथं टांगली. पोरांनी छापील फोटो बघू नयेत, रंगाचा थर बघावा, हा आग्रह.

१९७२ मध्ये याच वेळेला बाईंच्या पुढ्यात कोरा, पांढरा कॅनव्हास आहे. त्यावर त्या पेन्सिलीने रेघा मारतात. उभे पट्टे, नाहीतर एकात एक बसलेली वर्तुळं. चित्र पुरं झाल्यावरही या रेघा त्या खोडत नाहीत. जवळ जाऊन बघितलं की रंगाच्या दोन ठिपक्यांमधून शिसपेन्सिल डोकावते. मला त्या रेघा फळ्यावर पट्टीने आखणाऱ्या हाताच्या वाटतात.

दुपारी १२

मधली सुट्टी. इथं जरा मागे जावं लागेल.

बाईंना लहानपणी वास्तुशिल्पी व्हायचं होतं. काळ्या मुलीसाठी ते दार नव्हतंच, म्हणून शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. १९१५ पासून सहा वर्षं डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला एका समाजकेंद्रात मुलांना हस्तकला शिकवली. तिशीला आल्यावर, १९२१ मध्ये, हॉवर्ड विद्यापीठात नाव घातलं ते गृहशास्त्रासाठी. नाटकांचे पोशाख शिकायचे होते. तिथं जेम्स हेरिंग नावाचे प्राध्यापक नवा कला विभाग उभा करत होते. त्यांनी बाईंना आपल्याकडे ओढलं. १९२४ मध्ये त्या विभागाची पहिली पदवी अल्मा थॉमस यांना मिळाली. वर्ग सुरू झाला तेव्हा त्या जवळजवळ एकट्याच विद्यार्थिनी होत्या.

त्याच वर्षी शाळेत नोकरी लागली. आणि मग मधली सुट्टी, एवढाच काय तो स्वतःचा वेळ.

१९७२ मध्ये दुपारी बारा वाजता बाई स्वयंपाकघरात आहेत. जेवायला आणि कामालाही. त्यांच्याकडे वेगळा स्टुडिओ नव्हता. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, एवढीच जागा. तेलरंग सोडून त्यांनी ॲक्रिलिक धरलं होतं. ते पाण्यात कालवता येतं, लवकर वाळतं, टर्पेंटाइनचा वास लागत नाही. जेवणाच्या टेबलाशेजारी चित्र काढणाऱ्या माणसाला हे सोयीचंच.

दुपारी ३:३०

शेवटची घंटा. १९५७ मध्ये बाईंचा दुसरा दिवस इथून सुरू होतो.

पश्चिमेला मैलभरावर फिलिप्स संग्रहालय. डंकन फिलिप्स यांनी १९२१ मध्ये घरातच उघडलेलं. सेझान, बोनार, मातीस भिंतींवर, आणि काळ्या माणसांनाही आत प्रवेश. दुसरं ठिकाण बार्नेट-एडन गॅलरी. १९४३ मध्ये जेम्स हेरिंग आणि अलोन्झो एडन यांनी आपल्या राहत्या घरात काढलेली. काळ्या मालकांची, खासगी आणि भेदभाव न करणारी अशी गॅलरी देशात तोवर जवळजवळ नव्हतीच. बाई तिच्या उपाध्यक्ष. तिथं काळे आणि गोरे चित्रकार एका भिंतीवर लागत आणि पाहायला येणारेही एकाच खोलीत उभे राहत.

तिसरं ठिकाण चित्रकार लोइस मेलू जोन्स यांचं घर. चाळीसच्या दशकात त्यांनी आणि सेलिन ताबारी या फ्रेंच मैत्रिणीने तिथं ‘लिटल पॅरिस’ नावाचा गट चालवला. जमणारी मंडळी बरीचशी काळ्या शाळांतली शिक्षक. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांच्या कागदांवर शेरे मारायचे आणि इथं येऊन स्वतःची चित्रं काढायची, एकमेकांच्या चुका दाखवायच्या. या गटातली एक गोष्ट सगळ्यांना पाठ असणार. १९४१ मध्ये कॉर्कोरन गॅलरीच्या स्पर्धेत काळ्या चित्रकारांना बंदी होती, म्हणून जोन्सबाईंचं चित्र गोऱ्या ताबारीने नेऊन दिलं. त्याला बक्षीस मिळालं. चित्र कुणाचं हे गॅलरीला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तीच कॉर्कोरन गॅलरी १९७२ च्या शरद ऋतूत थॉमस बाईंचं मोठं प्रदर्शन भरवणार होती.

मार्च १९७२ ची दुपार मात्र बसून जाते. संधिवाताने सांधे धरले आहेत. कॅनव्हास कधी मांडीवर, कधी सोफ्याच्या कडेवर टेकवलेला. एक बाजू रंगवून झाली की तो फिरवायचा, हात पोचेल तिथं आणायचा, पुन्हा बसायचं. एकेक ठिपका बोटभर लांबीचा. एका पट्ट्यात एकच रंग, ठिपक्याशेजारी ठिपका, मध्ये पांढरी फट. लांबून बघावं तर पट्टा हलतो, जसं वाऱ्यात झाड हलतं.

संध्याकाळी ५

हॉलीची गोष्ट इथं येते, कारण उतरत्या उन्हाचा खेळ याच वेळी दिसतो.

१९६४ च्या सुमाराला संधिवात इतका बळावला की बाईंना इस्पितळात राहावं लागलं. आता हातून चित्र होणार नाही असं त्यांना वाटू लागलं होतं. अशात हॉवर्ड विद्यापीठाने कळवलं की त्यांच्या आजवरच्या कामाचं प्रदर्शन भरवायचं आहे. जुनी चित्रं मांडून मोकळं होता आलं असतं. बाईंना मात्र आजवर कुणी केलं नसेल असं काहीतरी दाखवायचं होतं. त्या खिडकीशी बसल्या. समोर हॉली. पानांच्या फटींतून येणारा उजेड काचेवर, भिंतीवर, जमिनीवर तुकड्यातुकड्यांनी सांडत होता. हे झाड त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ बघितलं होतं. आता त्यातली पानं त्यांनी सोडून दिली आणि उजेडाचे तुकडे तेवढे घेतले.

१९६६ च्या त्या प्रदर्शनात पट्ट्यांची आणि वर्तुळांची ही चित्रं पहिल्यांदा लागली. त्याच वर्षीचं ‘रिझरेक्शन’ हे ३६ इंच लांब आणि तेवढंच रुंद. मध्यापासून बाहेर पसरत जाणारी रंगांची वलयं. पुढे फुलांच्या वाफ्यांवरून मालिकाच झाली: रोपवाटिका, क्रोकस, ट्युलिप, शरदातली फुलं. १९६८ चं ‘लाइट ब्ल्यू नर्सरी’ त्यातलंच. विमानातून बागा कशा दिसतील, हा विचार त्या चित्रांत आहे. वाफ्यांच्या रांगाच तेवढ्या उरतात, फुलाचा आकार उरत नाही.

संध्याकाळी ७

१९५७ ची संध्याकाळ. शाळेचा दिवस भरून, जेवण आटोपून बाई शहराच्या वायव्येला अमेरिकन युनिव्हर्सिटीत गेल्या आहेत. या वेळी बाकाच्या अलीकडच्या बाजूला. १९५० पासून दहा वर्षं संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी त्यांनी तिथं चित्रकलेचे वर्ग केले. शिकवणारे रॉबर्ट गेट्स, जो समरफोर्ड, आणि १९५७ मध्ये जेकब केनेन. शिकवणारे मास्तर आपल्याहून वयाने लहान आहेत, याची लाज बाईंना कधी वाटलेली दिसत नाही.

बाईंच्या शैलीचा प्रवास बघायचा तर या दहा वर्षांकडे बघावं. सुरुवातीला टेबलावर मांडलेल्या बाटल्या आणि फळं, नीट ओळखू येणारी. मग त्याच बाटल्यांचे कोनाकोनांचे तुकडे. मग आकार विरघळतात आणि निळ्या-तपकिरी, गडद तेलरंगाचे ओघळ उरतात. त्या काळच्या न्यूयॉर्कच्या अमूर्त चित्रकारांची छाया त्यांवर स्पष्ट आहे. दशक संपता संपता जलरंग येतात आणि कागद उजळतो. दुसऱ्याची भाषा नीट शिकून घेतल्याशिवाय आपली सापडत नाही. पस्तीस वर्षं मुलांना हेच सांगणाऱ्या बाई स्वतःही तेच करत होत्या.

१९६३ मधलं ‘वाटुसी’ हे त्या शिकण्याचं शेवटचं मोठं पान. मातीसने म्हातारपणी, आजारात, रंगीत कागद कापून ‘गोगलगाय’ केली होती. बाईंनी ती फिरवली, तिचे रंग बदलले, तुकड्यांत जास्त मोकळी हवा सोडली आणि त्या वेळी गाजत असलेल्या एका नाचगाण्यावरून चित्राला नाव दिलं. बहात्तरीकडे झुकलेली बाई आणि पोरासोरांचा नाच. त्या चित्रातला खट्याळपणा मला शाळेतूनच आलेला वाटतो.

१९७२ मध्ये सात वाजता बातम्या. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक पृथ्वीभोवती फिरू लागला होता. आता अमेरिकेचं मरिनर ९ मंगळाभोवती फिरतंय. ते नोव्हेंबर १९७१ मध्ये तिथं पोचलं तेव्हा आख्ख्या ग्रहावर धुळीचं वादळ होतं आणि काही आठवडे जमीनच दिसली नाही. १९७२ मध्ये बाईंनी ‘मार्स डस्ट’ रंगवलं. लाल ठिपक्यांच्या मागे निळा-काळा थर, धुळीमागचं न दिसणारं काही. हे चित्र आज न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे.

अवकाशाचं वेड १९६९ पासूनचं. त्या वर्षी मे महिन्यात अपोलो १० चंद्राजवळून फिरून आलं. त्याच्या चांद्रयानाचं नाव स्नूपी, कार्टूनमधल्या कुत्र्यावरून. जुलैत माणूस चंद्रावर उतरला. बाईंनी मग ‘स्नूपी सीज अर्थ रॅप्ड इन सनसेट’ नावाचं चित्र काढलं. मार्च १९७० मध्ये सूर्यग्रहण झालं, त्याचंही चित्र. विमान उडण्याआधी जन्मलेली, घोडागाडीच्या काळात वाढलेली ही बाई रंगीत टीव्हीसमोर बसून चंद्राच्या बातम्या बघायची आणि सकाळी कॅनव्हासवर वर्तुळं आखायची. जुन्या आठवणींची चित्रं काढायची या वयाला सवय असते. बाई आदल्या रात्रीच्या बातम्यांची काढत होत्या.

रात्री ९

दिवसभराचं काम भिंतीला टेकवून लांबून बघायची वेळ. आणि एका प्रश्नाचीही.

एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि वॉशिंग्टन पेटलं. जाळपोळ सर्वांत जास्त झाली ती चौदाव्या आणि सातव्या रस्त्यावर. चौदावा म्हणजे बाईंच्या घराजवळचा रस्ता. सातवा म्हणजे शाळेचा. त्याच वर्षी बाई फिक्या निळ्या रोपवाटिका रंगवत होत्या. काळ्या चित्रकाराने काळ्यांच्या लढ्याचीच चित्रं काढावीत असा तेव्हा जोराचा आग्रह होता, आणि फुलं काढणाऱ्या बाईंकडे काही जण कपाळाला आठ्या घालून बघत.

बाई लढ्यापासून लांब होत्या असं कुणी म्हणू नये. ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाला त्या मैत्रिणीबरोबर, ऑपेरा गायिका लिलियन एव्हान्टी यांच्याबरोबर, गेल्या होत्या. त्यावर चित्रही काढलं: माणसांची डोकी म्हणजे ठिपके, हातातले फलक म्हणजे रंगाचे तुकडे. पण नंतर त्यांनी वेगळी वाट धरली. माणूस माणसाशी किती वाईट वागतो यापेक्षा सौंदर्य आणि आनंद यांवर आपण रंगातून लक्ष लावलं, असं त्यांनी १९७० मध्ये सांगितलं.

मला यात पळवाट दिसत नाही. ज्या बाईने वेगळ्या केलेल्या शाळेत, नाकारलेल्या मुलांना, रोज पन्नास मिनिटं लाल आणि हिरवा शेजारी ठेवला की काय होतं ते शिकवलं, तिला आनंद ही किती कष्टाने हक्काची करून घ्यावी लागणारी वस्तू आहे हे नीट माहीत होतं. १९६८ मधली ती निळी रोपवाटिका जळत्या रस्त्यापासून एका घरओळीवर रंगवलेली आहे. ती बघताना हे अंतर लक्षात असावं.

रात्री १०:३०

दिवे मालवायची वेळ. १९५७ मध्ये उद्याचा पहिला तास डोक्यात आहे. १९७२ मध्ये न्यूयॉर्क.

व्हिटनी संग्रहालय तेव्हा काळ्या कलावंतांच्या संघटनांच्या दबावाखाली होतं. निदर्शनं झाली, बोलणी झाली आणि संग्रहालयाने काळ्या चित्रकारांची छोटी एकल प्रदर्शनं सुरू केली. आदल्याच वर्षी चित्रकार आणि प्राध्यापक डेव्हिड ड्रिस्केल यांनी टेनेसीतल्या फिस्क विद्यापीठात बाईंची चित्रं मांडली होती. २५ एप्रिल १९७२ ला व्हिटनीत अल्मा थॉमस यांचं प्रदर्शन उघडलं. त्या संग्रहालयात एकल प्रदर्शन झालेल्या त्या पहिल्या काळ्या अमेरिकन स्त्री. वय ८०. आपल्या लहानपणी काळ्या मुलांना संग्रहालयात पाऊलही टाकता येत नव्हतं, तिथं आपली चित्रं लागणं दूरच, असं त्यांनी तेव्हा वार्ताहराला सांगितलं आणि काळ किती बदलला म्हणून आश्चर्य व्यक्त केलं.

त्यानंतरही काम थांबलं नाही. १९७६ चं लाल अझेलियांचं चित्र तीन कॅनव्हास जोडून केलेलं, सहा फूट उंच आणि तेरा फूट लांब. नाव ‘रेड अझेलियाज सिंगिंग अँड डान्सिंग रॉक अँड रोल म्युझिक’. पट्ट्यांची शिस्त यात मोडली आहे. लाल तुकडे डावीकडून उजवीकडे उधळत जातात आणि शेवटच्या कॅनव्हासवर विरळ होतात. पंचाऐंशीच्या घरातल्या, हात आखडलेल्या बाईंनी केलेलं. २४ फेब्रुवारी १९७८ ला त्या गेल्या.

आता दोन्ही दिवसांची बेरीज करा. निवृत्तीनंतर चित्रांसाठी दिवस मिळाला हे खरं. पण त्याआधी पस्तीस वर्षं संध्याकाळ होती, शनिवार होते, उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या. ज्या रेघा, जे तुकडे, जे रंग सत्तरीनंतर दिसले ते सगळे त्या उरलेल्या तासांत एकेक करून जमवलेले आहेत. त्यांनी उशिरा सुरुवात केली असं ज्यांना वाटतं, त्यांनी फक्त शेवटची घंटा ऐकली आहे.

‘रिझरेक्शन’ आता व्हाइट हाउसच्या कायमच्या संग्रहात आहे. काळ्या स्त्रीचं त्या संग्रहातलं ते पहिलं चित्र. फेब्रुवारी २०१५ पासून ते तिथल्या जुन्या भोजनगृहात लोकांना बघायला मिळू लागलं. १५व्या रस्त्यावरच्या घरापासून व्हाइट हाउस पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. चित्राला तिथं पोचायला एकोणपन्नास वर्षं लागली.